कंपनी बदलली तरी नेट तसंच जातंय? गावाकडे फोन-ब्रॉडबँड बदलताना काय बघायचं

गावाकडे नेट सारखं जातं म्हणून वैतागून कंपनी बदलायची, दोन महिने मस्त चालतं, आणि मृग लागला की परत तेच, लाल लाइट, फोन बंद, ऑपरेटर फोन उचलत नाही. आमच्या कोकणात, राजापूर तालुक्यात आतल्या वाड्यांमधून हे इतके जण विचारायला येतात की एकदा नीट बसून सगळं लिहून काढतोय. माझं सेवा केंद्र आहे, सातबारा, पीक विमा, लाइट बिलं, सगळी कामं नेटवर चालतात, नेट गेलं की लांबून चालत आलेली म्हातारी माणसं तशीच परत जातात, त्यामुळे ह्या विषयाकडे मी नुसता टाइमपास म्हणून बघत नाही.

माझं मत आधीच सांगतो. गावात कंपनीच्या नावापेक्षा वायर कुठून येते आणि ती तुटल्यावर खांबावर कोण चढतं ह्याला जास्त किंमत आहे. शहरात एका बिल्डिंगमध्ये तीन कंपन्यांच्या तीन वेगळ्या वायरी येतात. आपल्याकडे तसं नसतं. तालुक्याच्या गावावरून एक केबल निघते, ती महावितरणच्या नाहीतर स्वतःच्या खांबांवरून, झाडांवरून वाडीपर्यंत येते, आणि ती टाकणारा बऱ्याचदा पूर्वीचा केबल टीव्हीवालाच असतो. तोच एका कंपनीची फ्रँचायझी घेतो आणि नंतर दुसरीचीही घेतो. बीएसएनएलची फायबर सेवासुद्धा (फायबर म्हणजे काचेच्या बारीक तारेतून प्रकाशाने येणारं नेट) गावाकडे बऱ्याच ठिकाणी अशा स्थानिक पार्टनरमार्फतच दिली जाते. म्हणजे तुम्ही कंपनी बदललीत तेव्हा कधीकधी फक्त लॉगिन आयडी बदललेला असतो, वायर तीच, खांब तेच, जॉइंटचा डबा तोच. मग पावसात वेगळं काय होणार?

म्हणून बदलायच्या आधी नेट नक्की कुठे अडतंय हे शोधा. ह्याला इंजिनिअर लागत नाही.

घरात जी पांढरी पेटी लावलेली असते, जिला आपण सगळे राउटर म्हणतो आणि ऑपरेटर ओएनटी म्हणतो, तिच्यावरचे लाइट नेट गेल्यावर बघायचे. बघायच्या आधी बंद-चालू करू नका, सगळे हेच करतात आणि पुरावा घालवून बसतात. मोबाईलने लाइटचा फोटो काढा, वेळ आपोआप नोंदली जाते. 'लॉस' (LOS) लिहिलेला लाइट लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोचत नाहीये, वायर कुठेतरी तुटली, दबली किंवा वाकली आहे. 'पॉन' (PON) हिरवा स्थिर आहे पण इंटरनेटचा लाइट बंद किंवा लाल आहे, तर वायर ठीक आहे, अडचण लॉगिनची, रिचार्जची किंवा ऑपरेटरच्या पुढच्या लाइनची. आणि सगळे लाइट व्यवस्थित असून मोबाईलवर नेट रडतंय, तर बहुतेक वेळा तो वायफायचा प्रश्न आहे. आपली जांभ्या चिऱ्याची घरं, भिंती जाड, राउटर पडवीत आणि माणूस मागच्या खोलीत, तिथे सिग्नल जाणार कसा. लॅपटॉप असेल तर राउटरपासून लॅपटॉपला थेट लॅनची वायर लावून बघा, वायरने नेट नीट येत असेल तर कंपनी बदलून एक पैशाचा फायदा नाही, राउटरची जागा बदला किंवा दुसरा राउटर मधल्या घरात टाका.

अजून एक सोपी खूण, ही फार कमी जणांना माहिती असते. फायबरच्या कनेक्शनवर लँडलाइन फोन घेतला असेल तर नेट गेल्यावर रिसीव्हर उचलून कानाला लावा. फोनचं आणि नेटचं काम एकाच वायरवरून पण बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या वाटेने चालतं. फोनला डायल टोन आहे आणि नेट नाही, तर वायर शाबूत आहे. तेव्हा ऑपरेटर जर "दादा पाऊस आहे, लाइन तुटली असेल" म्हणाला तर त्याला सांगा की फोन चालू आहे, लॉगिन तपास.

मग येतं वेळेचं गणित. कॅलेंडरवर, महालक्ष्मीचं असो नाहीतर कालनिर्णय, त्या दिवसाच्या चौकोनात नेट कधी गेलं, कधी आलं, आणि तेव्हा लाइट होती का, पाऊस-वारा होता का एवढंच लिहित जा. महिनाभरात चित्र दिसायला लागतं. वाऱ्या-पावसात जातंय तर केबल किंवा जॉइंट. रोज रात्री आठ ते अकरा रखडतंय आणि पहाटे पळतंय, तर ऑपरेटरने पुढून बँडविड्थ, म्हणजे सगळ्यांत वाटायचा एकूण स्पीड, कमी घेतली आहे आणि गिऱ्हाइकं जास्त जोडली आहेत, मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की हे अजून वाढतं. आणि तुमच्याकडे इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की नेट जातंय, तर वाटेत कुठेतरी विजेवर चालणारं यंत्र बसवलेलं आहे आणि त्याला बॅटरी नाही किंवा मेलेली आहे. खरं तर नीट टाकलेल्या फायबरमध्ये तालुक्यापासून तुमच्या घरापर्यंत मध्ये विजेची गरजच नसते, प्रकाश वाटणारा तो स्प्लिटर नुसता काचेचा असतो. त्यामुळे बाजूच्या वाडीतली लाइट गेल्यावर तुमचं नेट गेलं तर ऑपरेटरने काटकसरीत काम केलंय हे समजा.

आता जरा आत शिरू. राउटरच्या मागे जो स्टिकर असतो त्यावर पत्ता आणि पासवर्ड असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ असा पत्ता. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तो टाकून आत गेलात की स्टेटसमध्ये कुठेतरी पॉन किंवा ऑप्टिकल इन्फो असं पान मिळतं, तिथे आरएक्स पॉवर (RX Power) नावाचा आकडा असतो, म्हणजे घरात किती प्रकाश पोचतोय ते, तो उण्यात असतो. उणे १५ ते उणे २४ च्या मध्ये असेल तर छान. उणे २५ च्या पुढे गेला की काठावर, आणि साधारण उणे २७ च्या खाली बहुतेक ओएनटी हात टेकतात. लक्षात ठेवायचं ते इतकंच की उण्यातला आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश कमी, आणि दर ३ ने आकडा उतरला की प्रकाश निम्मा होतो. उन्हाळ्यात उणे २२ दाखवतोय आणि आषाढात उणे २७ होतोय, तर कुठल्यातरी जॉइंटमध्ये पाणी जातंय किंवा केबल ओली होऊन लोंबून कुठेतरी मुरगळतेय. हा आकडा कागदावर असला की ऑपरेटरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलतो, हे मी अनेकदा बघितलंय.

आकडा आधीपासूनच वाईट असण्याचं गावातलं नेहमीचं कारण म्हणजे घरामागून घर जोडत जाणं. पहिल्या घराला डबा लावला, मग त्याच डब्यातून शेजारी, त्याच्यातून पुढचा. एका वायरीचे आठ फाटे करणारा स्प्लिटर साधारण १० डीबी खातो (म्हणजे त्या आरएक्स पॉवरच्या आकड्यातले १०), दोन फाटे करणारा साडेतीन, आणि घाईत लावलेले कनेक्टर आपापला वाटा खातात तो वेगळा. शेवटच्या घराला उरतं काय? म्हणून वाडीच्या टोकाच्या घरांनाच नेट जाण्याचा त्रास जास्त होतो, त्यात नशिबाचा भाग नाही.

शेजारच्या काकींचं उदाहरण सांगतो. त्यांनी कंपनी बदलली, नवीन राउटर आला, आणि तरी वारा सुटला की लाल लाइट. कंपनीचं नाव घेत नाही, त्याने काही फरक पडत नाही. शेवटी दुरुस्तीला जो मुलगा आला तो जरा जाणकार होता, त्याने घरातून वायरीत लाल लाइटचा पेन लावला, वायर जिथे तुटली-वाकली असेल तिथे त्याचा उजेड बाहेर दिसतो, संध्याकाळची वेळ होती, आणि आम्ही बॅटऱ्या बंद करून वायरीबरोबर चालत गेलो. मांगराच्या मागे फणसाच्या फांदीला वायर दोन वेढे मारून बांधली होती, आणि त्या वेढ्यात बरोब्बर वळणावर सालीतून लाल उजेड फुटत होता, पेटत्या उदबत्तीच्या टोकाएवढा. फांदी हलली की वेढा आवळायचा आणि प्रकाश तिथेच सांडायचा. वेढे सोडले, वायर मोठ्या गोलाईने हुकावर घेतली, राउटरवरचा आकडा तिथल्या तिथे सुधारला. दोन्ही कंपन्यांची वायर हीच होती! काकींचा फक्त इन्स्टॉलेशनचा खर्च वाया गेला.

(हा लाल पेन डोळ्यात मारून बघू नका, आणि उघड्या फायबरच्या टोकात तर कधीच डोकावू नका. नेटचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण असतो. तुटलेले काचेचे तुकडे बोटात जातात आणि सापडत नाहीत, पोरांना लांब ठेवा.)

म्हणून माझं सांगणं की ऑर्डर द्यायच्या आधी वायर चालून बघा. खांबापासून घरापर्यंत तरी बघाच, जमलं तर मुख्य रस्त्यापर्यंत. माडाच्या झावळ्या कुठे पडतात, वानरं कुठून उड्या मारतात, कुठे वायर गडग्यावरून जमिनीलगत आलीय आणि गुरं तुडवतायत, कुठे रस्त्याचं काम चालू आहे आणि जेसीबी फिरतोय. जॉइंटचा डबा तोंड वर करून लटकवला असेल तर पहिल्या पावसात त्यात पाणी साठणार. तांब्याची टेलिफोन वायर तुटली तर आपणच पिळून जोडायचो आणि चालायचंही, फायबरला ते जमत नाही, त्याला काचेची टोकं वितळवून जोडणारं स्प्लायसिंग मशीनच लागतं. घाईत चिमटीचा कनेक्टर लावून देतात तो तात्पुरता ठीक आहे, पण उघड्यावर एका पावसाळ्यात तो ढिला पडतो. पक्का जॉइंट मारून दे असं स्पष्ट सांगा.

नवीन ऑपरेटरला विचारायचे प्रश्न. तुझी वायर कुठल्या रस्त्याने येते, जुन्याचीच आहे की वेगळी? वाडीला नेट सोडणारं मशीन कुठे ठेवलंय आणि लाइट गेली तर किती तास चालतं? स्प्लायसिंग मशीन तुझ्याकडे आहे की तालुक्यावरून कोणीतरी येतो? डेटा लिमिट संपल्यावर स्पीड किती राहतो (२०२३ पासून सरकारी व्याख्येतच ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस आहे, त्याच्या खाली नेऊन ठेवणारा प्लॅन घेऊच नका). राउटर माझा की तुझा, सोडताना परत करायचा का, डिपॉझिट किती? उत्तरं टाळली तर समजून जा. आणि ज्यांच्याकडे ते कनेक्शन आधीपासून आहे अशा दोन-तीन घरी जाऊन विचारा, तेही श्रावणात कसं होतं ते विचारा, मार्चमधलं सगळ्यांचंच छान असतं.

वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो म्हणून पहिल्याच दिवशी बारा महिन्यांचे पैसे भरू नका. पैसे हातात आले की खांबावर चढायची घाई कोणाला राहत नाही. महिन्याचा घ्या, पावसाळा जाऊ दे, मग वर्षाचा विचार करा.

कंपनी बदलून खरोखर फायदा कधी होतो तेही सांगतो, नाहीतर वाटेल मी बदलूच नका म्हणतोय. रात्रीचं रखडणं असेल, तक्रार केल्यावर आठवडा-आठवडा कोणी फिरकत नसेल, किंवा नवीन ऑपरेटरची केबल खरंच वेगळ्या रस्त्याने आणि वेगळ्या गावाकडून येत असेल, तर बेधडक बदला. एअरफायबर म्हणजे छपरावर डिश लावून फाइव्हजीवर चालणारं नेट, ते २०२३ पासून मिळायला लागलंय, आणि घाटीत किंवा डोंगराच्या आड नसाल, टॉवर समोर दिसत असेल तर चांगला पर्याय आहे. पण आधी छपरावर उभं राहून मोबाईलवर फाइव्हजी येतंय का बघा. आणि टॉवरलाही मागून बऱ्याचदा फायबरच लागतं, शिवाय डिझेल लागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे खांब आडवे झाले तेव्हा लाइट आणि मोबाईल दोन्ही बरोबरच गेले होते.

आता लँडलाइनचा नंबर. हा भाग म्हाताऱ्या माणसांच्या घरात सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथे घाई केली तर परत फिरता येत नाही. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, देशभर २० जानेवारी २०११ पासून ती सोय आहे. लँडलाइनला तशी सोय नाही. आमच्याकडचा ०२३५३ ने सुरू होणारा तीस वर्षं जुना नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, नवीन कंपनी नवीनच नंबर देणार, कोणी "होईल होईल" म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जात असाल तर मात्र नंबर बहुतेक वेळा तोच राहू शकतो, पण तो आपोआप राहील असं समजू नका, अर्जावर "जुना नंबर कायम ठेवून" असं लिहून घ्या आणि अर्जाची पोच घ्या. नंबर महत्त्वाचा असेल तर एवढ्या एका कारणासाठी त्याच कंपनीच्या फायबरवर जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, भले नेट दुसऱ्याचं घ्या.

फायबरवर गेल्यावर फोनच्या तीन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, लाइट गेली की फोन मेला. जुन्या तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधून वीज यायची म्हणून अंधारातही वाजायचा, आता फोन राउटरला जोडलेला आहे, राउटर बंद तर फोन बंद. ह्याला राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात पण ॲडॉप्टरवरचा आकडा वाचूनच घ्या, व्होल्ट तेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. घरात एकटी माणसं राहत असतील तर हा यूपीएस घ्याच, रात्रीबेरात्री दवाखान्यात फोन लावायची वेळ येते. दोन, फोन येतो पण लावता येत नाही. जुना चकतीचा फोन बऱ्याच राउटरवर नंबर फिरवूनही लागत नाही, आणि बटणाच्या फोनला खाली टी आणि पी असं छोटं बटण असतं ते टी वर करा. तीन, मोबाईलला फोन लागत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावं लागतं, नवीन फोन आल्यावर त्यात नंबर साठवताना हे राहून जातं, आजी-आजोबांच्या शेजारच्या भिंतीवरच्या यादीतसुद्धा प्रत्येक नंबरच्या आधी शून्य लिहा.

जुनं कधी बंद करायचं? नवीन किमान एक महिना, शक्यतो पावसातला महिना, चालल्याशिवाय नाही. दोन्ही बिलं महिनाभर भरावी लागली तरी चालेल. नंबर बदलत असेल तर त्या महिन्यात जुन्या फोनवर आलेल्या प्रत्येकाला नवीन नंबर सांगत राहायचा, बँक, गॅस, विमा, मुंबईचे नातेवाईक, देवस्थानची यादी, सगळीकडे बदलून घ्यायचा.

आणि बंद करताना नुसतं बिल भरणं थांबवू नका, हे सगळ्यात जास्त होतं. कनेक्शन कागदावर चालूच राहतं, थकबाकी वाढत जाते आणि डिपॉझिट त्यात जातं. लेखी अर्ज द्या, शेवटच्या बिलाची झेरॉक्स, ओळखपत्र, डिपॉझिट परत हवं म्हणून रद्द केलेला चेक जोडा, मोडेम त्यांचा असेल तर तो परत करून पावती घ्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का. वडिलांच्या नावावर कनेक्शन आहे आणि ते आता नाहीत, असं बऱ्याच घरांत असतं, तिथे मृत्यूचा दाखला आणि वारसाचा अर्ज लागतो, ते काम आधी उरका.

ह्या सगळ्यानंतरही तेच तेच होत असेल तर तक्रार, पण नीट. ऑपरेटरच्या पोराला व्हॉट्सअ‍ॅप केलं म्हणजे तक्रार झाली असं होत नाही. मुख्य कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर किंवा ॲपवर तक्रार टाका आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या. "काम झालं" असा मेसेज आला आणि नेट आलंच नसेल तर तो बंद होऊ देऊ नका, त्याच दिवशी परत टाका, आधीचा नंबर देऊन. ट्राय म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रारीच्या वर अपील प्राधिकरण ठेवावं लागतं, समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत तिथे अपील करता येतं, पैसे लागत नाहीत, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. स्वतः ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, तिकडे पत्र लिहून वाट बघत बसू नका. अपिलानंतरही काही झालं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, म्हणजे पीजी पोर्टलवर, दूरसंचार विभागाकडे टाका, किंवा १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

तक्रारीत "नेट सारखं जातं" एवढंच लिहिलं तर उत्तरही तसंच येतं. असं लिहा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतक्या वेळा बंद, तेव्हा लॉसचा लाइट लाल, आरएक्स पॉवर उन्हाळ्यात इतका आणि आता इतका, लॅनच्या वायरीने तपासलं आहे, आधीचे डॉकेट नंबर हे, केबल अमुक खांबाजवळ झाडाला घासते. फोटो जोडा. आणि त्याच केबलवर असलेल्या वाडीतल्या बाकीच्या घरांनीही आपापल्या ग्राहक क्रमांकावरून त्याच दिवशी तक्रार टाकावी, एका घराची वायर म्हणून बाजूला ठेवतात, पण दहा घरांच्या एकाच खांबाच्या तक्रारी आल्या की केबल बदलायला माणूस आणि मशीन दोन्ही येतात.